सत्त्याऐंशी

खजुरी बाजारात मुर्तझाभाईंच्या टेबलावर
बाबांचं गीतांचं पुस्तक पालथं पडलंय.
शिवण उसवलेली, पुठ्ठा वेगळा.
ते एकेक पान अंगठ्यानं चाचपत जातात
आणि मधेच थांबतात.
"बाई, इसमें एक पन्ना कम है."
मी म्हणते, माहीत आहे.

माहीत आहे, म्हणजे
शहाऐंशीनंतर एकदम अठ्ठ्याऐंशी येतं
हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक,
जशी मागच्या दाराची कडी
आधी वर उचलायची, मग ओढायची.

बाबा, शांतवन उमाप, दवाखान्याच्या औषध-भांडारात कारकून.
नगरकडून आले ते ट्रंकेत दोन शर्ट, हे पुस्तक
आणि तोंडात "व्हय" घेऊन,
ज्याचं छावणीत राहून "हौ" झालं.
पुस्तकाच्या समासात त्यांची पेन्सिल.
चौदाच्या शेजारी: तबीथाचं लग्न. पोहे कमी पडले.
बावन्नच्या: सिलिंडर आला, देवाची कृपा.
एकशे एकोणीसच्या: पट्टी उंच आहे. हळू घ्या.
आणि एकशे छत्तीसच्या शेजारी
फक्त एक प्रश्नचिन्ह.

तारीख नाही, काही नाही.
बाबांचा विश्वास ताणलेल्या दोरीसारखा सरळ,
आम्ही सगळे त्यावर आपापलं ओलं वाळत घालायचो.
त्या दोरीला ही एवढीशी गाठ
कधी बसली, कुणामुळे,
आईला विचारलं तर ती म्हणाली, शाई नव्हती ना?
पेन्सिल होती. मग राहू दे.

सत्त्याऐंशीचं पान कुठे गेलं
याच्या घरात तीन गोष्टी आहेत.
आत्या म्हणते, वॉर्डातल्या एका माणसाला फाडून दिलं,
त्याला वाचायला हवं होतं.
भाऊ म्हणतो, लहानपणी त्यानंच होडी केली.
आई काही म्हणत नाही.
आई ते गीत पाठ म्हणते, तीन कडवी.
चौथं बाबांनाही येत नव्हतं.
ते जाड आवाजात नुसतं हुंहुं करायचे,
डोळे मिटून, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत,
आणि "आमेन" मात्र सगळ्यांच्या आधी.

आता मराठी उपासना महिन्यातून एकदा,
तिसऱ्या रविवारी, दुपारची.
नऊ माणसं, दोन पंखे, एक पेटी.
माझी सलोमी शाळेत हिंदी शिकते,
देवनागरी भरभर वाचते, पण "ळ" तिला सापडत नाही.
काळाला ती काल म्हणते,
आणि गीतातलं एवढं मोठं काहीतरी
एकदम कालचं होऊन जातं,
हात लांबवला तर लागेल इतकं जवळचं.
मी दुरुस्त करत नाही. करायला हवं, कळतं.

मागच्या रविवारी सत्त्याऐंशी निघालं.
शेजारच्या बाकावरून सलोमीनं
कुणाच्या तरी पुस्तकातलं पान मोबाईलवर टिपून आणलं,
आजीपुढे धरलं: हे बघ, चौथं कडवं!
मी वाचलं.
काही विशेष नव्हतं त्यात.
नाव, वादळ, किनारा, जे इतर गीतांत असतं तेच,
यमक तर ओढून बसवलेलं.
आईनं मोबाईल हातानं खाली केला, हळूच,
ताटात नको असलेली पोळी परत करतात तसा,
आणि तिसरं कडवं संपल्यावर
तोंड मिटून हुंहुं सुरू केलं.
बाबांच्याच चालीत, बाबांच्याच चुकीसकट.
आत्यानं पुस्तक मिटलं.
पेटीवाले नाथनकाका जरा गोंधळले, मग सूर धरून राहिले.

"कोरा लगा दूँ?" मुर्तझाभाई विचारतात,
हातात पांढरा कागद, मापानं कापलेला.
नको, मी म्हणते. फट राहू द्या.
ते खांदे उडवतात, सुईत दोरा ओवतात,
आणि चष्म्यावरून समासातलं वाचायचा प्रयत्न करतात.
"ये क्या लिखा है?"
पट्टी उंच आहे, मी सांगते.
हळू घ्या.